कुंडलिक सरांची तब्येत

९ फेब्रुवारी

आजपासून मी तीन माणसं आहे. अंधेरीच्या ऑफिसात मिहिरने तिघांची ओळख करून दिली, स्थळं सांगतात तशी. कुंडलिक सर: वय सदुसष्ट, मुलुंड, जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक, पक्षी बघतात, पत्नी हयात नाही, मुलगा कॅनडात. श्वेता: कॉलेजात, सगळ्याला झकास म्हणते. आणि प्रीतम: इंजिनियर, मालिकेतलं विज्ञान कुठे चुकलं हे दाखवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

मालिकेचं नाव ‘परतीचं यान’. दोनशे वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेलं यान परत येतंय आणि आतल्या एकानेही झाड पाहिलेलं नाही. मराठीत डब केलीय, बरी केलीय. तिच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे. तिथे या तिघांनी रोज गप्पा मारायच्या. मालिकेवर, झाडापानांवर, चहापोह्यांवर, कशावरही.

“नॅचरल वाटलं पाहिजे मॅम,” मिहिर म्हणाला. “जाहिरात वाटली की लोक पळतात. तुम्ही सिरियल लिहायच्या, तुमच्यासाठी तर हातचा मळ आहे.”

मिहिर माझ्यापेक्षा पुष्कळ लहान आहे. सिरियलमध्ये मी कितीतरी वर्षं सासवासुनांची भांडणं लिहिली, दिवाळीत सिरियल बंद पडली, तेव्हापासून घरीच होते. हे काम निदान बसल्या जागी होईल. हल्ली उभं राहायचाच कंटाळा येतो.

दिवसभर तिघांच्या तोंडून बोलायचं तर चौथीलाही कुठे जागा हवी, म्हणून हे लिहिणं.

१२ फेब्रुवारी

सरांनी पहिला प्रश्न टाकला. यानातली माणसं इथे उतरली तर त्यांना सगळ्यात आधी काय दाखवाल?

उत्तरं आली. समुद्र. हापूसची पेटी. एकाने मनोरीचा किनारा सांगितला, फेरीबोटीसकट. आणि मग बोरिवलीच्या वनमाला परब म्हणून एक बाई: “सर, दाखवू ते मागाहून. मला आधी एक सांगा. त्या यानात दोनशे वर्षं माणसं मरतायत. कावळा तर एक पण नाय. पिंडाला शिवत कोण होतं?”

मी मोठ्याने हसले. आमच्या घरात पिंड नाही की कावळा नाही, तरीही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “काय झालं गं? एकटीच हसायलीस?”

प्रीतमकडून लिहिलं की यानात प्रत्येक गोष्टीचं रीसायकलिंग होतं. परबबाईंचं उत्तर लगेच: “तुमच्या घरच्यांचं करा हो रीसायकलिंग. आमच्यांना कावळाच हवा.”

बाई खऱ्या आहेत. मिहिरला विचारून खात्री करून घेतली. “शंभर टक्के ऑर्गॅनिक,” तो म्हणाला.

२० फेब्रुवारी

पक्ष्यांची माहिती शोधून लिहिते आणि सरांच्या नावावर खपवते. तांबटाबद्दल लिहिलं: छोटा हिरवा पक्षी, छातीवर लाल ठिपका, तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा आवाज. तासाभराने आमच्या खिडकीबाहेरच टक, टक, टक. घाटकोपरला पंतनगरच्या या घरात माझं आयुष्य गेलं, तो आवाज मी आजवर कुठल्यातरी दुरुस्तीचा समजत होते. बघायला उठले तर डोळ्यांपुढे काजवे चमकले, खिडकीचा गज धरून उभी राहिले. पक्षी दिसला नाही.

सरांच्या एका पोस्टमध्ये सहज लिहून गेले, ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात. परबबाई: “सर, पोळ्या तुम्ही स्वतः लाटता?” मी लिहिलं, “सवय झाली.” त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

पोस्ट टाकायच्या घाईत असे तपशील आपलेच जातात. सिरियलमध्येही सासूच्या तोंडी मी माझीच दुखणी घालायचे. तयार माल असतो, शोधावा लागत नाही.

३ मार्च

वाट लागली होती. श्वेताच्या नावाने सरांचा मजकूर टाकला. एकोणीस वर्षांची मुलगी लिहितेय: “आमच्या काळी पळसाखाली पोरं द्रोण लावायला बसत.” लक्षात येईपर्यंत चारपाच जणांनी वाचला होता. एकाने विचारलंच, “श्वेता, तुझा काळ म्हणजे गेला शुक्रवार काय गं?”

माझे हात थंड पडले. तसे हल्ली पडलेलेच असतात. काढून टाकावं तर जास्त दिसेल. तेवढ्यात परबबाई आल्या: “अरे, सरांचं वाक्य उचललंन पोरीने. काल सर मला हेच सांगत होते. श्वेता, मेले, कॉपी मारायची तर नाव तरी घाल.”

सगळे हसले, विषय संपला. मी श्वेताकडून जीभ चावल्याचं चित्र टाकलं.

सर काल बाईंना असं काही सांगत नव्हते. त्यांचा काहीतरी गोंधळ झाला असणार. वयस्कर माणसं, दहा ठिकाणचं वाचतात. माझं मात्र नशीब थोर.

११ मार्च

पाळी संपायचं नाव घेत नाही. मागच्या महिन्यातही असंच. चाळिशी ओलांडली की होतं असं, सगळ्याच म्हणतात. कोण कुठे दाखवत बसणार.

सरांना थोडा दम लागतो असं लिहिलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही, मधल्या जिन्यात टेकावं लागतं. खाली इतके सल्ले आले की एपिसोडची चर्चा बाजूलाच राहिली. मिहिरचा फोन. “मॅम, सरांना जास्त आजारी नका करू ना. ब्रँडला सूट नाही होत. फ्रेश ठेवा त्यांना.”

दुपारी परत फोन. “मॅम, मी आकडे बघितले. सरांची तब्येत चालतेय यार. ठेवा.”

१९ मार्च

वनमालाबाई आता रोज सकाळी सरांना वेगळा मेसेज करतात. आज त्यांच्या खिडकीसमोरच्या पांगाऱ्यावर धनेश बसला होता. “सर, एवढी मोठी चोच घेऊन बसला, वाटला पालिकेचा माणूस नोटीस द्यायला आला.” त्यांचा नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग तोही गेला. त्या स्वतः फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होत्या. “हॅलो म्हटलं की कळायचं, साहेब घरून भांडून आलाय की नाय,” असं त्यांचं म्हणणं. लोक बढाया मारतात, पण यांच्या ऐकायला बऱ्या वाटतात.

मी सरांकडून धनेशाची शास्त्रीय माहिती पाठवली. मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, पिल्लं मोठी होईस्तोवर नर फटीतून खाऊ घालतो, वगैरे. त्यांनी लिहिलं, “ते पुस्तकातलं झालं. तुम्ही कसे आहात? झोप लागते? नखं बघा बरं, पांढरी दिसतात का?”

बघितली. ट्यूबलाइटमध्ये सगळ्यांचीच पांढरी दिसतात.

२६ मार्च

उकाडा फार. मी दिवसभर बर्फ चघळते. ट्रे संपला की चैन पडत नाही, आईने दोन नवे ट्रे आणले तेही पुरत नाहीत. “बर्फ काय खातीस सारखा? दात जातील नाही तर घसा,” आई म्हणते. परवा तर तांदूळ निवडता निवडता मूठभर कच्चेच खाल्ले. चव बरी लागली.

सरांकडूनही लिहून टाकलं: उन्हाळा सुरू झाला, मी आणि फ्रीजमधला बर्फ. लोकांनी आइस्क्रीमवर गप्पा केल्या. श्वेताने कैरीच्या गोळ्यावर एक छान पोस्ट लिहिली (मीच लिहिली). प्रीतमने विचारलं, यानात गुरुत्वाकर्षण नसताना बर्फ कसा चघळतात.

परबबाईंनी ग्रुपवर काही लिहिलं नाही. वेगळा मेसेज केला: “सर, बर्फ रोज खाता?”

“उकाडा आहे ना,” मी लिहिलं.

“हं,” एवढंच आलं.

६ एप्रिल

अंधेरीला मीटिंग. मेट्रोचे जिने चढताना दोनदा थांबले. मागचा माणूस म्हणाला, “आंटी, साइड में.” आंटी.

शेवटचा भाग एकवीस तारखेला आहे. तोपर्यंत ग्रुप तापता ठेवायचा, महिनाअखेर बंद. मिहिरने नवी कल्पना काढलीय. “फिनालेच्या आठवड्यात सरांना अ‍ॅडमिट करूया का मॅम? म्हणजे यान उतरतंय आणि सर हॉस्पिटलमधून बघतायत. इमोशनल. सगळे लाइव्ह येतील, सर नीट आहेत का बघायला.”

“आणि नंतर?”

“नंतर बरे होतील ना. मारायचं नाहीये.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही पण थकल्यासारख्या दिसता मॅम. व्हिटॅमिन डी करून घ्या. माझंही लो होतं.”

येताना तेच डोक्यात. ग्रुपमधल्या बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. त्यातले निम्मे माझ्यासारखेच असतील, कुणास ठाऊक. पण सर अ‍ॅडमिट झाले तर बोरिवलीची बाई रडेल. कदाचित डबा घेऊन मुलुंडला निघेलसुद्धा. पुढच्या आठवड्यात लिहून द्यायचंय. नाही म्हटलं तर मिहिर दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईल, आणि तो सरांना कसं बोलायला लावेल देव जाणे.

१० एप्रिल

आजचा वनमालाबाईंचा मेसेज उतरवून ठेवते, कारण मला तो कळलेला नाही.

“सर, तुम्हाला सांगून उपयोग नाय असं दिसतंय. तुमच्यासाठी हे सगळं टाईप करते ती मुलगी असेल ना घरात, तिला हे वाचायला द्या. बाय गो, रक्त तपासून घे. माझ्या नणंदेची मुलगी अशीच. बर्फ खायची, जिन्यात बसायची, विचारलं की म्हणायची उकाडा आहे. एक दिवस उभी राहिली ती धाडकन पडली. बायकांचं वेळच्या वेळी होतं का, जास्त जातं का, हे कोणाला तरी सांगावं. लाजायचं नाय. उद्या जा.”

असं कोणी सरांना लिहितं का? बाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत, पण सदुसष्ट वर्षांच्या शिक्षकाला? आणि मुलगी कुठून काढली? मिहिरने दिलेल्या माहितीत मुलगी नाही. मी उत्तर लिहिलं: “आमच्याकडे मुलगी नाही. मुलगा आहे, कॅनडात.”

“असेल. मग टाईप कोण करतं?”

“मीच.”

“बरं. मग तुम्ही जा.”

१४ एप्रिल

सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार. गल्लीभर निळे झेंडे, स्पीकर आठपासूनच सुरू. मला जायचं नव्हतं, पण आजच्या दिवशी घरात बसायला कारणही सापडेना. वंदनेला खाली बसले तोवर ठीक. उठताना विहारातला सगळा उजेड कुणीतरी काढून घेतल्यासारखा झाला. बायकांनी धरलं. कोणी पाणी, कोणी गूळ. आई सगळ्यांना सांगत होती, “उपाशी हाय. काम, काम, काम. मोबाइलमधी बसून कुणाकुणाचं काय लिहिते, जेवायची सुद नाही.”

उपाशीच होते, हे खरं. त्यामुळेच झालं.

घरी येऊन पडल्यापडल्या श्वेताच्या तीन पोस्ट टाकल्या. सर आज गप्प.

१६ एप्रिल

सरांचं अ‍ॅडमिट होणं लिहायला बसलेय आणि जमत नाहीये. सिरियलमध्ये हॉस्पिटल म्हणजे एक पलंग, एक हिरवा पडदा आणि डॉक्टरचं “अब दुआ करो” मराठीत. इथे ते चालणार नाही, लोक बारीक विचारतात. रक्त कसं घेतात, काय विचारतात, बाकावर बाजूला कोण बसतं, हे डोळ्यांनी बघितलं पाहिजे. स्टेशनजवळच्या लॅबमध्ये जायचं ठरवलं. नुसतं बसून बघता येणार नाही, म्हणून स्वतःचंच तपासायला दिलं. कामाचा खर्च समजायचा.

सुई टोचणारी मुलगी शीर शोधत राहिली. “मॅडम, कधीपासून असं आहे?” “कसं?” तिने माझ्या डोळ्याखालची कातडी ओढून बघितली. हे चांगलं आहे, सरांना वापरता येईल.

१७ एप्रिल

लॅबचा फोन. रिपोर्ट घेऊन लगेच डॉक्टरकडे जा म्हणाले. सोबत कोणीतरी घ्या म्हणाले.

२१ एप्रिल

इथे आल्यापासून आज पहिल्यांदा फोन नीट धरता येतोय.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून पहिलं काय विचारलं, तर “इथपर्यंत चालत आलात?” हो म्हटलं. त्या चिडल्याच. हिमोग्लोबिन पाचच्या आत. कारण सोनोग्राफीत निघालं, गर्भाशयात गाठ आहे. साधी आहे, पण कित्येक महिने तिच्यामुळे रक्त जात होतं. ऑपरेशन करावं लागेल, आधी अंगात रक्त तर हवं. दोन पिशव्या चढल्या. आणखी थोडे दिवस असंच राहिले असते तर काय झालं असतं, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. आई ऐकत होती. त्यानंतर तिने पलंगाची कड धरली ती अजून सोडलेली नाही. मला एकच आठवत होतं, मी वेणी घालताना आरशात रोज बघायचे आणि काही दिसायचं नाही.

मिहिरला कळवलं होतं. तो घाबरलाच. “मॅम, तुम्ही आराम करा. कशाचंही टेन्शन घेऊ नका.” मग, “फक्त आज सरांचं एक टाकाल का? फिनाले आहे. छोटंसं.”

टाकलं. मालिका बघितली नाही, आधीच वाचली होती. यान उतरतं, दार उघडतं, समोर झाड असतं. सरांकडून लिहिलं, सगळ्यांनी मिळून बघितलंत, छान वाटलं. सरांना अ‍ॅडमिट केलं नाही. मिहिरला म्हटलं, ते मला जमणार नाही. त्याने ‘ओके मॅम’ म्हणून सोडून दिलं.

मग वनमालाबाईंना वेगळा मेसेज केला. सरांचं खातं महिनाअखेर जाणार, त्यानंतर कुणाच्या नावाने लिहायचं?

“तुम्ही म्हणाला होतात ना, ती मुलगी. नेलं तिला डॉक्टरकडे. ऐकत नव्हती.”

उत्तर लगेच आलं, जणू फोन हातातच होता. “किती निघालं?”

“पाचच्या आत.”

“गो बाय माझे. आता?”

“रक्त चढवलं. ऑपरेशन नंतर. झोपून आहे. कंटाळलीय.”

“कंटाळू दे. मेलेल्याला कंटाळा येत नाय. जेवली?”

“आईने डबा आणलाय. मेथी.”

पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं. सरांची बायको वारलीय, तर आई कुठली? अडीच महिने असल्या चुका सांभाळत आले आणि आता ही. काढून टाकायला गेले, तोवर निळी खूण आली होती. त्यांनी वाचलं होतं.

“मेथी चांगली,” त्यांनी लिहिलं. “आईला म्हणावं, वर लिंबू पिळ. आणि चहा जेवणाला लागून नको, तासाभराने. तिची आई दमली असेल, तिला घरी पाठवा थोडा वेळ. कोणी आहे का बदलीला? नाय तर मी येते. कुठलं हॉस्पिटल? मला घाटकोपर, मुलुंड सगळं सारखंच, रिक्षा करीन.”

मी त्यांना घाटकोपर कधीच सांगितलं नव्हतं.

आईकडे बघितलं. ती स्टुलावर बसल्या बसल्या झोपली होती, एक हात माझ्या पलंगाच्या कडेवर. बाईंना किती कळलंय आणि कधीपासून, ते मला माहीत नाही. विचारायची ताकद आज नाही. विचारलं तर उत्तर द्यावं लागेल, एवढं मात्र कळत होतं.

त्या अजून लिहीतच होत्या. ते तीन ठिपके हलत होते.

“आणि सर, त्या पोरीचं नाव काय? सारखं ती मुलगी, ती मुलगी काय म्हणायचं. वॉर्डात येऊन विचारू कोणाचं?”

मी हॉस्पिटलचं नाव लिहिलं, वॉर्ड लिहिला. मग लिहिलं, संघमित्रा.